'घोडा आपणहून सरकला' एवढे उत्तर पुरेसे का ठरत नाही

विट्याजवळच्या एका गावातून एका थोरल्या भावाने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांचा 19 वर्षांचा धाकटा भाऊ एका मोठ्या रेसकोर्सवर शिकाऊ जॉकी आहे. मागच्या महिन्यात एका रेसच्या शेवटच्या 200 मीटरमध्ये त्याचा घोडा रेल, म्हणजे धावपट्टीच्या आतल्या कडेचा कठडा, सोडून बाहेरच्या बाजूला सरकला. बाहेरून येणारे दोन घोडे त्यामुळे दाबले गेले, आणि त्यांच्या मागचा तिसरा घोडा अडखळून पडला. त्या घोड्यावरच्या मुलाचे हासळीचे हाड मोडले. स्टुअर्डांनी, म्हणजे रेसवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, चौकशी करून धाकट्या भावाला निष्काळजी रायडिंगबद्दल सहा रेसदिवसांची बंदी घातली. भाऊ म्हणतो, "घोडा आपणहून गेला, मी काय करणार होतो?" पडलेल्या मुलाच्या घरचे म्हणतात, हे धोकादायक रायडिंग होते आणि बंदी वर्षाची हवी होती. गावात भावकीतले काहीजण म्हणतात की पोराने पैसे घेतले असणार. थोरल्या भावाने तीन गोष्टी विचारल्या आहेत: माझ्या भावाची चूक खरोखर आहे का, अपील करावे का, आणि त्याचे पुढे काय होणार.

मी मूळचा खटाव तालुक्यातला. 14 वर्षे जॉकी म्हणून घोडे चालवले, त्यानंतर 11 वर्षे एका ट्रेनरचा सहायक म्हणून तबेल्यात काढली, आणि आता मिरजेत राहून मुलांना घोडेस्वारी शिकवतो. चौकशीच्या खोलीत आरोपी म्हणून, साक्षीदार म्हणून आणि ट्रेनरच्या वतीने, अशा तिन्ही नात्यांनी उभा राहिलो आहे. तरीही सुरुवातीलाच सांगतो की तुमच्या भावाच्या रेसची फिल्म मी पाहिलेली नाही. त्यामुळे तो दोषी आहे की नाही याचा निवाडा मी करू शकत नाही. फिल्ममध्ये काय पाहायचे आणि ते का पाहायचे, हे मात्र सांगू शकतो, आणि ते समजले तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही आणि तुमचा भाऊ मिळूनच काढाल.

तुमच्या घरात बैलगाडा शर्यतीची परंपरा आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पुसेगावला किंवा तुमच्या भागातल्या कोणत्याही मैदानात प्रत्येक गाडीला आपला तास असतो. चिठ्ठीत जो तास निघाला, त्याच तासातून निशाणापर्यंत जायचे. बैलांनी तास सोडला की गाडी बाद, मग ते कोणाच्या आडवे आले असोत वा नसोत. नियम सोपा आहे, कारण जमिनीवर आखलेली रेघ सगळ्यांना दिसते. घोड्यांच्या रेसमध्ये गेट उघडल्यावर तास उरत नाही. कोणताही जॉकी आपला घोडा आत किंवा बाहेर नेऊ शकतो, रेल धरू शकतो, मोकळी जागा शोधू शकतो. त्याला अट एकच आहे, की दुसऱ्याच्या वाटेत शिरताना त्या दुसऱ्याला घोडा आवरावा लागू नये, वळवावा लागू नये किंवा त्याची चाल मोडू नये. म्हणजे रेघ आहेच, पण ती जमिनीवर आखलेली नसून क्षणाक्षणाला घोड्यांबरोबर हलत असते, आणि ती ओळखणे हे जॉकीचे मुख्य काम आहे. घोडा पळवणे हे त्यानंतरचे काम आहे, असे मी माझ्याकडच्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो.

आता वेगाचा हिशेब पाहा, कारण त्याशिवाय स्टुअर्डांचे बोलणे अन्यायकारक वाटते. शेवटच्या टप्प्यात घोडा ताशी साधारण 60 किलोमीटरने धावतो, म्हणजे सेकंदाला 16-17 मीटर. एक लेंग्थ म्हणजे घोड्याची एक लांबी, सुमारे अडीच मीटर. ती कापायला सेकंदाचा सहावा भाग लागतो. घोड्याची एक झेप सहा-सात मीटरची असते आणि सेकंदाला तो दोनाहून थोड्या अधिक झेपा टाकतो. त्याचे वजन साडेचारशे ते पाचशे किलो, आणि वर बसलेल्या मुलाचे पन्नासच्या आसपास. या आकड्यांकडे पाहून कोणीही म्हणेल की एवढ्या वेगात एवढ्या जड जनावराला एवढा हलका मुलगा कसा आवरणार. पण याच आकड्यांतून दुसरी गोष्टही दिसते. घोडा एका क्षणात पाच मीटर बाजूला जात नाही. बुजून उडी मारली तर गोष्ट वेगळी, पण थकलेला घोडा जेव्हा सरकतो तेव्हा तो आठ-दहा झेपांमध्ये हळूहळू सरकतो. आठ झेपा म्हणजे साडेतीन सेकंद आणि पन्नासेक मीटर. तेवढ्या वेळात जॉकी पुष्कळ काही करू शकतो.

घोडा सरकतो का, याची कारणे अनेक आहेत आणि त्यातली बहुतेक जॉकीच्या हातची नसतात. थकवा हे पहिले कारण. थकलेला घोडा एका बाजूला झुकतो, जसा पायांत त्राण नसलेला माणूस चालताना भिंतीकडे कलतो. वळण संपून सरळ रस्ता लागला की घोडा पुढे टाकायचा पाय बदलतो, आणि त्या क्षणी थोडासा हलतो. कधी खुरात किंवा गुडघ्यात दुखत असते, कधी फुप्फुसात रक्तस्राव होतो, आणि दुखऱ्या बाजूपासून दूर जाण्यासाठी तो रेघ सोडतो. प्रेक्षकांच्या आवाजाने, सावलीने, पडद्यावरच्या हलत्या चित्राने बुजणारे घोडे मी पाहिले आहेत. आणि शेवटचे कारण चाबूक. उजव्या हाताने चाबूक मारला की घोडा बहुधा डावीकडे सरकतो, डाव्या हाताने मारला की उजवीकडे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोडे घड्याळाच्या दिशेने धावतात, म्हणजे रेल उजव्या हाताला असते. अशा मैदानावर उजव्या हातात चाबूक असलेला मुलगा जोर लावू लागला, की त्याचा घोडा रेल सोडून बाहेर जाण्याची शक्यता असतेच. हे प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्या वर्षीच सांगितलेले असते.

म्हणून "घोडा आपणहून सरकला" या वाक्यात खोटे काही नसते, आणि तरीही चौकशीत ते पुरत नाही. घोडा सरकला याबद्दल कोणी जॉकीला शिक्षा करत नाही. तो सरकू लागल्यावर तुझ्या हातांनी काय केले, हा स्टुअर्डांचा खरा प्रश्न असतो, आणि तुमच्या भावाने अजून त्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही, निदान तुमच्या पत्रात तरी ते नाही.

हे मी माझ्याच अनुभवातून शिकलो आहे आणि त्याची लाज आजही वाटते. दुसऱ्या मोसमात, 20 वर्षांचा असताना, मी अगदी असेच केले होते. पुढचा घोडा मानेच्या अंतरावर होता, माझ्या उजव्या हातात चाबूक होता, आणि मी मारत राहिलो. घोडा बाहेर जात होता हे मला जाणवत होते. खाली पाहिले असते तर दिसलेही असते. पण मी खाली पाहिले नाही, कारण डोळ्यांसमोर फक्त विनिंग पोस्ट, म्हणजे रेस संपते तो खांब, होता. मागे माझ्याच खोलीत राहणारा मित्र होता. त्याच्या घोड्याचा पुढचा पाय दुसऱ्या घोड्याच्या मागच्या पायावर आपटला आणि तो तोंडावर पडला. चौकशीत मी ताठ मानेने सांगितले, "घोडा सरकला." स्टुअर्डांनी आवाज चढवला नाही. त्यांनी समोरून घेतलेली फिल्म लावली आणि विचारले, "चाबूक कोणत्या हातात आहे?" मी म्हणालो, उजव्या. त्यांनी फिल्म पुढे नेली. "आता?" उजव्या. आणखी पुढे. "आता?" तिसऱ्यांदा "उजव्या" म्हणताना मला माझीच चूक कळली. घोडा सात झेपांपर्यंत डावीकडे जात होता आणि सातही झेपांमध्ये मी त्याला डावीकडेच ढकलत होतो.

तुमच्या भावाच्या फिल्ममध्येही हेच पाहायचे आहे. आधी फिल्मविषयी एक गोष्ट समजून घ्या. घरी टीव्हीवर किंवा मोबाइलवर आपण जी रेस पाहतो ती बाजूने घेतलेली असते. बाजूच्या फिल्ममध्ये घोडा पुढे किती आहे ते दिसते. तो आडवा किती सरकला ते जवळजवळ कळत नाही. उलट दोन घोड्यांमध्ये जागा नसतानाही ती असल्यासारखी भासते. समोरून आणि मागून घेतलेली फिल्म खरी साक्ष देते. तुमच्या भावाने ट्रेनरमार्फत ती समोरची फिल्म पाहण्याची परवानगी मागावी आणि ट्रेनरच्या शेजारी बसून पाहावी. पहिल्या वेळी कोणीही काही बोलू नये. दुसऱ्या वेळी झेपा मोजाव्यात. घोड्याने रेघ सोडली त्या झेपेपासून मोजायला सुरुवात करायची आणि चाबूक थांबेपर्यंत, किंवा विरुद्ध बाजूची लगाम ओढलेली दिसेपर्यंत, किंवा त्याचे शरीर उभे होऊन तो घोडा आवरताना दिसेपर्यंत मोजायचे. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते पहिल्या दोन झेपांसाठी कोणालाही बोल लावत नसत, कारण तेवढा वेळ माणसाला कळायलाच लागतो. चार-पाच झेपा झाल्या की ते प्रश्न विचारत. आठ झेपा होऊनही चाबूक त्याच हातात असेल, तर ऐकण्यासारखे काही उरत नाही असे त्यांचे मत होते, आणि इतक्या वर्षांनंतर माझेही तेच आहे. हा नियमपुस्तकातला आकडा नाही, अनुभवातून बसलेला अंदाज आहे, एवढे लक्षात ठेवा.

त्याच फिल्ममध्ये आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, बाहेरच्या घोड्यांना आधीपासून हक्काची जागा होती का. कधी कधी बाहेरचा किंवा मागचा जॉकी मिटत चाललेल्या फटीत घोडा घालतो आणि मग दाबले गेल्याची तक्रार करतो. तसे झाले असेल तर दोष वाटला जातो, आणि चौकशीत ते स्पष्ट मांडायला हवे होते. दुसरी गोष्ट, मागून कोणी ओरडल्याचे तुमच्या भावाला ऐकू आले होते का. रेसमध्ये जॉकी एकमेकांना हाका मारतात, "जागा दे", "दाबू नकोस" असे ओरडतात. ऐकू येऊनही रेघ धरली नसेल, तर गोष्ट निष्काळजीपणाच्या पलीकडे जाऊ लागते. हे फिल्ममध्ये दिसणार नाही. ते त्याने स्वतःशी खरे बोलून ठरवायचे आहे.

इथून पडलेल्या मुलाच्या घरच्यांच्या म्हणण्याकडे येतो. त्यांचा राग मला समजतो. मात्र दुखापत किती झाली यावरून रायडिंगचा प्रकार ठरत नाही, आणि ते तसेच असायला हवे असे मला वाटते. शब्दांची फोड प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी असते, म्हणून ज्या क्लबच्या मैदानावर रेस झाली त्याचे नियमपुस्तक वाचा. ढोबळ विचार मात्र जगभर सारखा आहे. जो टाळता आला असता तो अडथळा अंदाज चुकल्यामुळे किंवा लक्ष नसल्यामुळे घडला, तर तो निष्काळजीपणा. त्याहून वरची पायरी म्हणजे बेपर्वाई. आणि धोकादायक रायडिंग म्हणजे मुद्दाम केलेला अडथळा, किंवा कोणत्याही जाणत्या जॉकीला उघड दिसले असते की यात कोणाचा तरी जीव जाऊ शकतो, अशा तऱ्हेने घोडा चालवणे. ब्रिटनमध्ये जॉकी धोकादायक रायडिंगचा दोषी ठरला तर त्याचा घोडाही बाद होतो, मग त्या अडथळ्याचा त्याला फायदा झालेला असो वा नसो. इतका गंभीर तो शब्द आहे. लहान निष्काळजीपणातून भयंकर अपघात होऊ शकतो, आणि एखादे अत्यंत दुष्ट कृत्य कोणालाही खरचटल्याशिवाय निभावून जाऊ शकते.

2022 मध्ये फ्रान्समधल्या सँ-क्लू मैदानावर ख्रिस्तोफ सुमियों या नामांकित जॉकीने भर रेसमध्ये शेजारच्या रॉसा रायन या जॉकीला कोपर मारले आणि तो घोड्यावरून खाली पडला. रायन सुदैवाने मोठ्या दुखापतीशिवाय बचावला. तरीही सुमियोंला 60 दिवसांची बंदी झाली, आणि आगा खान या बड्या घोडेमालकांच्या घोड्यांवरची त्याची ठरलेली नेमणूकही गेली. तिथे घोड्याने काही केले नव्हते, हात माणसाचा होता. तुमच्या भावाचे प्रकरण आणि हे प्रकरण एका तराजूत घालता येत नाही, हे पडलेल्या मुलाच्या घरच्यांना कधी शांतपणे सांगण्याची वेळ आली तर सांगा. आज सांगू नका.

तुमच्या भावाच्या प्रकरणाशी जुळणारे उदाहरण दुसरेच आहे. 4 मे 2019 रोजी अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत मॅक्सिमम सिक्युरिटी हा घोडा पहिला आला. शेवटच्या वळणावर तो रेघ सोडून बाहेर सरकला होता आणि मागच्या घोड्यांना आवरावे लागले होते. कोणीही पडले नाही. स्टुअर्डांनी सुमारे 22 मिनिटे फिल्म पाहिली, आणि पहिला आलेला घोडा मागे टाकून दुसऱ्या क्रमांकाच्या कंट्री हाउसला विजेता ठरवले. जॉकी लुईस साएझ याचे म्हणणे असे होते, की घोडा अजून कोवळा आहे आणि गर्दीच्या आवाजाने बुजला. हे म्हणणे तुमच्या भावाच्या म्हणण्यापेक्षा वेगळे नाही, आणि ते खरे असण्याचीही पुरेपूर शक्यता आहे. तरीही साएझला 15 रेसदिवसांची बंदी झाली, कारण घोडा ताब्यात ठेवण्यात आणि त्याला सरळ नेण्याचा पुरेसा प्रयत्न करण्यात तो कमी पडला, असे स्टुअर्डांचे मत झाले. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या रेसपैकी एका रेसमध्ये, जिथे कोणी जखमीही झाले नाही, तिथे पंधरा. तुमच्या भावाला सहा. दोन्हीकडचे नियम वेगळे असल्यामुळे थेट तुलना करणे बरोबर होणार नाही, पण सहा दिवस ही सूड उगवणारी शिक्षा नाही एवढे त्यावरून दिसते.

या उदाहरणातून एक गोंधळही दूर होतो. घोड्याचा क्रमांक बदलायचा का आणि जॉकीला शिक्षा करायची का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अडथळा आला नसता तर मागचा घोडा पुढे गेला असता का, हा पहिल्या प्रश्नाचा कस अनेक देशांत मानला जातो. जपानने 2013 पासून आणि फ्रान्स व जर्मनीने 2018 पासून तोच स्वीकारला. त्यामुळे घोड्याचा क्रमांक तसाच राहिला आणि जॉकीला मात्र बंदी झाली, असे वारंवार घडते. तुमच्या भावाचा घोडा तिसऱ्या क्रमांकावर कायम राहिला, मग शिक्षा कशाची, असे तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर हेच.

भावकीतल्या बोलण्याला मी फार जागा देणार नाही. पैसे घेऊन घोडा हरवणाऱ्याची खूण म्हणजे तो प्रयत्न करत नाही. तुमच्या भावावर ठपका आहे तो जिंकण्याच्या भरात जास्त प्रयत्न केल्याचा. या दोन आरोपांचे नियम वेगळे, चौकशी वेगळी, आणि शिक्षेची पातळीही फार वेगळी. निष्काळजी रायडिंगच्या निकालावरून कोणाच्या इमानाबद्दल बोलण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

पण याच ठिकाणी एक अडचण आहे, तिच्यात शिकाऊ मुले खरोखर सापडतात आणि मोठी माणसे तिच्याबद्दल पुरेसे बोलत नाहीत. नियम जॉकीला सांगतो की विनिंग पोस्टपर्यंत मिळेल तो सर्वोत्तम क्रमांक मिळवण्यासाठी घोडा चालवत राहा. तोच नियम सांगतो की घोडा सरकला तर चालवणे थांबव आणि आधी त्याला सरळ कर. अनुभवी जॉकीला या दोन्हींत विरोध वाटत नाही, कारण तो दोन झेपांत चाबूक दुसऱ्या हातात घेतो, लगाम आवळतो आणि पुन्हा लय पकडतो. 19 वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. तो थांबला तर मानेने हरतो, मालक विचारतो की हात का थांबला, आणि प्रेक्षक ओरडतात की पोराने घोडा ओढला. न थांबण्याचे बक्षीस त्याला लगेच मिळते; न थांबण्याची किंमत कधी कधी दुसऱ्याच मुलाला मोजावी लागते, आणि ती त्याच्या पाठीमागे, त्याला न दिसणाऱ्या जागी. घोड्यांच्या रेसमधला हा मोठा विषम व्यवहार आहे. पुढचा घोडा आडवा आला की मागच्याचा पुढचा पाय पुढच्याच्या मागच्या पायावर आपटतो, आणि पडतो तो मागचा. ज्याने केले तो सुखरूप पोस्ट ओलांडतो आणि पुष्कळदा कोणी पडल्याचे त्याला नंतर कळते. म्हणूनच स्टुअर्डांनी पुढच्या जॉकीशी कडक असावे, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणूनच ट्रेनरने व मालकाने मुलाला रेसच्या आधी स्पष्ट शब्दांत सांगावे, की घोडा सरळ करताना एक क्रमांक गेला तरी आम्ही तुला बोलणार नाही. ज्या तबेल्यात हे सांगितले जाते तिथली मुले कमी वेळा चौकशीला जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तुमच्या भावाला हे कोणी सांगितले होते का, ते त्याला विचारा.

एवढ्या विवेचनानंतर अपीलाचा प्रश्न सोपा होतो. समोरच्या फिल्ममध्ये घोडा सरकू लागल्याबरोबर दोन-तीन झेपांत त्याने चाबूक थांबवलेला, लगाम ओढलेली दिसत असेल, आणि तरीही घोडा ऐकत नव्हता असे दिसत असेल, तर अपीलात दम आहे. रेसनंतर घोडा लंगडत असल्याची किंवा नाकातून रक्त आल्याची नोंद पशुवैद्यकाने केली असेल, खोगीर सरकल्याचे कोणी पाहिले असेल, तर तोही भक्कम पुरावा आहे. हा घोडा बाहेर पळतो हे सरावात आधीच लक्षात आले होते, आणि ट्रेनरला ते सांगून लगामाची कडी किंवा नाकपट्टी बदलण्याविषयी बोलणे झाले होते, असे असेल तर तेही मांडावे. पण सावधपणे, कारण घोड्याची खोड आधीच माहीत असेल तर जॉकीने जास्त काळजी घ्यायला हवी होती, असा उलटा अर्थही त्यातून निघतो. यातले काहीच नसेल आणि फिल्ममध्ये आठ झेपा उजवा हातच चालताना दिसत असेल, तर अपील करू नये असे मी सांगेन. अपीलाची मुदत थोडी असते आणि अनामत भरावी लागते, म्हणून फिल्म आजच्या आज पाहण्याची व्यवस्था करा. काही ठिकाणी अपीलात शिक्षा वाढूही शकते. आपल्या क्लबचा नियम काय आहे ते अर्ज करण्याआधी विचारा.

एक सल्ला न विचारता देतो. बंदीच्या दिवसांत दुसऱ्या शहरात जाऊन घोडे चालवता येतील, असे त्याला कोणी सुचवले असेल तर ते डोक्यातून काढून टाका. भारतातल्या रेसिंगच्या संस्था एकमेकांनी घातलेली बंदी मान्य करतात. बंगळूर, हैदराबाद, कोलकाता, कुठेही गेला तरी ती त्याच्या मागे येते, आणि लपवण्याचा प्रयत्न झाला तर मूळ चुकीपेक्षा तो मोठा डाग होतो.

त्याचे पुढे काय होणार, याचे उत्तर जुन्या काळाकडे पाहून देतो. 1954 मध्ये लेस्टर पिगॉट हा 18 वर्षांचा मुलगा नेव्हर से डाय या घोड्यावर इंग्लंडची डर्बी जिंकला. काही दिवसांतच रॉयल ॲस्कॉटला त्याच घोड्यावर असताना झालेल्या धक्काबुक्कीच्या रेसबद्दल त्याच्यावर ठपका आला. आधीही त्याच्या रायडिंगबद्दल तक्रारी होत्या. त्याला निलंबित केले गेले, आणि वडिलांचा तबेला सोडून दुसऱ्या ट्रेनरकडे काम करावे लागले. पुढे त्याने आणखी आठ, म्हणजे एकूण नऊ डर्बी जिंकल्या. तुमच्या भावाची बरोबरी मी पिगॉटशी करत नाही. 18-19 व्या वर्षी झालेली बंदी जॉकीचे आयुष्य संपवत नाही, एवढेच सांगायचे आहे. पुढचे आयुष्य बिघडते ते त्याच चुकीची दुसरी-तिसरी नोंद झाली तर, कारण प्रत्येक चौकशीत स्टुअर्ड आधीची नोंद काढून पाहतात आणि शिक्षा त्यानुसार वाढते.

म्हणून या दिवसांत त्याने करायचे काम ठरलेले आहे. बंदीच्या काळात सकाळच्या सरावाला घोड्यावर बसण्याची परवानगी आहे का, ते ट्रेनरने क्लबकडून लेखी विचारून घ्यावे. परवानगी असेल तर चाबूक एका हातातून दुसऱ्या हातात घेण्याचा सराव रोज करावा. नसेल तर गवताच्या पेंढ्यावर खोगीर बांधून किंवा लाकडी घोड्यावर बसून करावा. मी मुलांना दिवसाला दोनशे वेळा चाबूक बदलायला लावतो, लगाम न सोडता, खाली न बघता. पहिल्या आठवड्यात चाबूक हातातून पडतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हात विचार न करता बदलू लागतो, आणि घोडा सरकत असताना विचार करायला वेळ नसतोच. उजव्या हाताने जेवणाऱ्या मुलाचा डावा हात कायम कच्चा असतो. माझाही होता, आणि माझ्या मित्राचे हाड मोडेपर्यंत मी त्याकडे लक्ष दिले नव्हते.

राहिला पडलेला मुलगा. तुमच्या भावाने त्याला भेटायला जावे की नाही, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी पत्राच्या शेवटी ते तुमच्या मनात असल्याचे मला जाणवले. त्याने जावे, आणि बंदी संपायच्या आत जावे. मी माझ्या मित्राकडे 11 दिवसांनी गेलो, आणि ते 11 दिवस त्याने मोजलेले होते. तुम्ही वडीलधारे म्हणून सोबत जाऊ नका, फळांची करंडी वगैरे घेऊन चारचौघांनीही जाऊ नका, कारण मग ती दोन घरांची बैठक होते आणि दोन्ही बाजूंना बोलावे लागते. त्याला एकट्याला जाऊ द्या. तिथे गेल्यावर घोड्याबद्दल त्याने एक शब्दही बोलू नये. चाबूक उजव्या हातात होता आणि मी तो बदलला नाही, एवढेच सांगावे, फिल्ममध्ये तसे दिसले असेल तर. मग तो मुलगा जे बोलेल ते बसून ऐकावे.